भिंतीकडचं हँडल

गर्डर

आधी गर्डर. यंत्राचा कणा तोच. एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला सिलिंडर, मध्ये ओंडका. सिलिंडर ओंडक्याला ढकलतो, ओंडका पाचरीवर जातो आणि फुटतो. समजायला अवघड असं यात काही नाही. फिटरला तर हे झोपेतही जमलं असतं.

गर्डर मेहुण्याकडे मिळाला. बायकोचा हा धाकटा भाऊ भंगाराचा धंदा करायचा. पत्र्याच्या कुंपणाआत त्यानं इतका पसारा मांडला होता की आत गेलेलं गिऱ्हाईक हरवायचं.

"भाऊजी, पूल बांधताय का?"

"लाकडं फोडायचं यंत्र."

"का? कुऱ्हाड रुसली?"

"कुऱ्हाड आहे. खांदा राहिला नाही."

"आणि ताई..." मेहुणा म्हणाला, आणि पुढचं गिळून गर्डरवरचा गंज नखानं खरवडू लागला. "हा घ्या. वाकलेला नाही. माझ्याकडे न वाकलेलं एवढंच आहे, मला धरून."

दोघांनी मिळून तो टेम्पोत चढवला. दोन टोकं, दोन माणसं. घरी पोचल्यावर उतरवायला मात्र फिटर एकटाच होता. मेहुणा येतो म्हणाला तरी यानंच नको म्हटलं. पहारीनं, फळीवरून, वीतभर वीतभर सरकवत त्यानं तो मागच्या अंगणात नेला, लाकडाच्या शेडच्या भिंतीशी. तिथेच ते लाकडं फोडत आले होते. वर्षानुवर्षं. तो आणि ती.


पाचर

त्यांची पद्धत अशी होती.

ओंडका उभा. ती भिंतीकडे, तो अंगणाकडे. तिच्या हातात लांब दांड्याची सांडशी, सांडशीत लोखंडी पाचर. ती पाचर ओंडक्याच्या चिरेवर टेकवायची, लाकडाचा कल बघायची, जरा इकडे, जरा तिकडे, आणि मग म्हणायची, "हं." तिनं हं म्हटलं की यानं घण घालायचा. त्याआधी नाही. पहिल्या घावाला पाचर रुतायची. ती सांडशी सोडवून मागे सरायची, मग उरलेले घाव त्याचे.

त्याला लाकूड वाचता यायचं नाही. घण उत्तम चालायचा, पण गाठ कुठे आहे, चीर कुठे जाईल, हे तिला दिसायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, फिटर नुसता हातोडा आहे, फोडते ती. तो हसायचा. खरंच होतं ते.

घावाचा हादरा सांडशीतून तिच्या मनगटांत जायचा. थंडी पडायला लागली की ती मनगटांना कापड गुंडाळून भांडी घासायची. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. त्यानंही विचारलं नाही.

मुलीला बाळ झालं तेव्हा ती मदतीला म्हणून शहरात गेली. झाडांना नुकती पालवी फुटत होती. आता पानं गळत होती, आणि ती परत आली नव्हती. भांडण झालं नव्हतं. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. सुरुवातीला बाळाला सर्दी होती, मग मुलीची नोकरी सुरू झाली, मग काही कारणच उरलं नाही, आणि तरी ती आली नाही.


फोन

"जेवलात?"

"हो."

"काय?"

"होतं ते."

"बरं."

"थंडी पडायला लागलीय इकडे. लाकडं आणून टाकलीत. सगळी वाकडीतिकडी आहेत या वेळी. म्हातारं झाड होतं."

"हं."

"तू कधी..."

"इथे सरपण नाही हो. भिंतीवर बटण आहे. दाबलं की खोली गरम. पहिल्या दिवशी मी नुसती त्याच्यासमोर उभी राहिले, अजून काहीतरी करायचं असेल म्हणून."

"बरंय."

"माझ्या हातांना बरं वाटतंय इथे."

"हं."

"तुमचं सरपण माझ्याशिवाय फुटायला लागलं की कळवा. मग येते मी."

ती हे हसत म्हणाली. फोन ठेवल्यावर फिटर बराच वेळ खुर्चीत बसून राहिला. हसणं त्यानं बाजूला काढलं आणि उरलेलं वाक्य ठेवून घेतलं. नटबोल्ट डब्यात ठेवावेत तसं. माझ्याशिवाय फुटायला लागलं की येते.

दुसऱ्या दिवशी तो मेहुण्याकडे गेला होता. गर्डर आणायला.


सिलिंडर

खोदकामाच्या यंत्राचा. बादली वाकवणारा. यंत्र कुठल्याशा खाणीत मेलं, हातपाय मेहुण्याकडे आले.

सिलिंडर उघडण्यासाठी स्वच्छ, सपाट, उजेडाची जागा लागते. घरात अशी एकच होती, स्वयंपाकघरातलं टेबल. फिटर सिलिंडर घेऊन दारात थबकला. "टेबलावर नाही हं," असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. त्यानं जुनी चादर पसरली आणि तो टेबलावर ठेवला.

सिलिंडर तिथेच राहिला, लांबच्या लांब, जेवायला आलेल्या आणि उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा. फिटर ओट्याशी उभ्याने जेवू लागला. जुन्या रबरी सीलांचे तुकडे त्यानं काट्यानं उकरून काढले. कोणत्या काट्यानं, ते सांगण्यात अर्थ नाही. सिलिंडरमधून आतबाहेर सरकणाऱ्या दांड्यावर एक ओरखडा होता, तो बारीक दगडानं घासून घालवला. बोट फिरवून पाहिलं. मग उलट्या हातानं, कारण तळहाताला घट्टे पडलेले असतात, तो खोटं सांगतो. उलट्या हाताला गुळगुळीत लागलं.

बसच्या डेपोत त्यानं असे किती सिलिंडर उघडले असतील. जॅक, लिफ्ट, दारं उघडणारे, ब्रेक दाबणारे. अख्खी बस खांद्याएवढी वर जायची आणि तो खाली उभा राहून चहा प्यायचा. संध्याकाळी घरी यायचा आणि घण उचलायचा.

ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवावीत असं त्याला तेव्हा सुचलं नाही.


पंप, इंजिन, टाकी, होज

टाकी पंपापेक्षा वर ठेवा. पंपाला तेल ओढायला लावू नका, तेल त्याच्याकडे आपणहून आलं पाहिजे.

टाकी आतून धुवा. मग पुन्हा धुवा. चिमूटभर कचरा पंपाला पुरतो.

होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, वळवताना पीळ पडू देऊ नका. जोड फार आवळू नका. आवळण्याचा मोह होतो, विशेषतः माणूस एकटा असताना, कारण पुरे म्हणायला कुणी नसतं.

पहिल्यांदा चालवताना सिलिंडर रिकामाच मागेपुढे करा. आत हवा असते. ती निघेपर्यंत दांडा थरथरतो, अडतो, दम लागल्यासारखा चालतो. घाबरू नका. हवा निघून जाते.

तेल गळत असेल तर हातानं चाचपू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं आणि तेव्हा दुखतही नाही. पुठ्ठा धरा. पुठ्ठ्यावर डाग पडला तर तिथे गळतंय.

फिटर हे सगळं मोठ्यानं बोलत करत होता. डेपोत नव्या पोरांना शिकवायची सवय. अंगणात पोरं नव्हती. पुठ्ठा होता.


व्हॉल्व्ह

सिलिंडरकडे तेल सोडणारा व्हॉल्व्ह बसवला, तो उघडायचं हँडल लावलं. विशेष काही नाही.


पहिला ओंडका

इंजिन पहिल्या झटक्याला लागलं नाही, दुसऱ्याला लागलं. शेडवरची पाखरं उडाली. फिटरनं ढिगातून एक वाकडा, गाठीचा ओंडका उचलला, मुद्दामच अवघड. गर्डरवर आडवा ठेवला. ओंडका लोळायला लागला, म्हणून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. पुढे दांडा, मागे पाचर. सगळं सरळ रेषेत. छान.

आता हँडल ओढायचं.

त्यानं हँडलकडे पाहिलं.

हँडल पलीकडे होतं. गर्डरच्या त्या बाजूला, भिंतीकडे, दीड हात लांब. तो इकडे, अंगणाकडे, दोन्ही हात ओंडक्यावर.

त्यानं एक हात सोडला. ओंडका लोळून पायाशी पडला. तो पुन्हा ठेवला, धरला, आणि अंग लांबवून पाहिलं. हात पोचेना. अजून वाकावं तर छाती दांड्याच्या वाटेवर येत होती. तो गर्डरला वळसा घालून पलीकडे गेला. हँडल सापडलं, पण कमरेच्याही खाली. उंच माणूस तो, त्याला वाकायला लागलं. आणि मान वर केली तर ओंडका पुन्हा लोळलेला.

इंजिन चालू होतं. तेल फिरत होतं. सगळं बरोबर होतं.

त्यानं इंजिन बंद केलं.


व्हॉल्व्ह, पुन्हा

तो कसा बसवला ते फिटरनं आठवून पाहिलं. मोजपट्टी वापरलेली आठवेना. बाकी सगळं मोजलं होतं, सिलिंडरची कडी, पाचरीची उंची, टाकीचा चढ. व्हॉल्व्हला मात्र तो सरळ भिंतीकडे गेला होता, गर्डरपाशी एका ठिकाणी हात धरला होता आणि तिथेच पट्टी वेल्ड केली होती. शंकाच आली नव्हती. जशी दिव्याच्या बटणाची जागा अंधारातही हाताला माहीत असते.

ती तिथे उभी राहायची. तेवढ्याच उंचीवर तिचं कोपर असायचं.

तिच्याशिवाय लाकूड फोडणारं यंत्र त्यानं बनवलं होतं, आणि ते तिच्याशिवाय चालत नव्हतं.

फिटर ओंडक्यावर बसला. हसू आलं, पण ते दाखवायला समोर कुणी नव्हतं. मग ते आलं तसं गेलं.


दोरी

मेहुण्याला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तो दुसऱ्याच दिवशी हजर झाला. यंत्र बघितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नव्हतं. त्यानं यंत्राभोवती चक्कर मारली, टाकीला टिचकी मारली, इंजिनचं कौतुक केलं. मग हँडलपाशी थांबला. हँडलला दोरी बांधलेली होती, ती एका कप्पीवरून गर्डरच्या खालून इकडे आली होती, आणि तिच्या टोकाला एक फळी होती, पायानं दाबायची.

"हे काय, भाऊजी?"

"पायानं चालतं. हात मोकळे."

"पण हँडल पलीकडे कशाला?"

"होज आखूड पडत होता."

मेहुण्यानं होजकडे पाहिलं. तो त्यानंच दिला होता. खाली त्याचं वेटोळं पडलेलं होतं, दोन यंत्रांना पुरेल एवढं.

"हो का," मेहुणा म्हणाला. "आखूड."

"दाखवतो चालवून."

दोन ओंडके फुटले. तिसऱ्याला गाठ होती. पाचर गाठीवर गेली तसा ओंडका गर्रकन फिरला, त्याच्या सालीत फिटरची बाही अडकली आणि हात दांड्याकडे ओढला गेला. त्यानं पाय उचलला. हँडल परत गेलं, दांडा थांबला. सगळं क्षणात. बाही कोपरापर्यंत फाटली होती. हाताला काही नव्हतं.

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं स्वतः जाऊन इंजिन बंद केलं, कप्पीवरची दोरी ओढून काढली आणि खिशात कोंबली, जणू ती त्याचीच होती.

"खाली दोन पट्ट्या वेल्ड करा, ओंडका लोळायचा नाही. हँडल इकडे आणा. तुमच्यासारख्या माणसाला अर्ध्या दिवसाचं काम आहे, भाऊजी. मी सांगायला हवं का?"

"करतो."

"कधी?"

"करतो म्हटलं ना."

मेहुणा गाडीपर्यंत गेला, परत आला.

"ताईला सांगितलंत का यंत्राचं?"

"नाही अजून."

"मी सांगून बसलो," मेहुणा म्हणाला आणि मोठ्या माणसाला शोभणार नाही इतक्या घाईनं निघून गेला.


फोन

"यंत्र केलंत म्हणे."

"तुझा भाऊ म्हणजे वर्तमानपत्र आहे."

"चालतंय?"

"चालतंय."

"तुमचं तुम्हाला? एकट्याला?"

फिटरच्या फाटक्या बाहीतून वारा शिरत होता. त्यानं ती मुठीत धरली.

"हो," तो म्हणाला.

"मग बघायला येते रविवारी. पोरगी सोडेल गाडीनं. माझे थंडीचे कपडेही तिथेच आहेत."

थंडीचे कपडे. ते घालायला येते की न्यायला येते, हे वाक्यात नव्हतं. त्यानं विचारलं नाही. एवढ्या वर्षांत त्यानं काय काय विचारलं नव्हतं त्यात आणखी एक.

शनिवारी त्यानं पाना घेतला आणि व्हॉल्व्हचे बोल्ट काढले. व्हॉल्व्ह सुटा करून, होजसकट, इकडच्या बाजूला आणला. आता उंची ठरवायची. तो ओंडका धरतो तसा उभा राहिला आणि आपला हात कुठे येतो ते पाहू लागला. पाहता पाहता लक्षात आलं की पलीकडे भिंत दिसतेय. नुसती भिंत. चुना उडालेला, खाली ओल.

त्याच्या जिवावर आलं. व्हॉल्व्ह परत नेऊन होता तिथे बसवला. बोल्ट आवळले, जरा जास्तच.


रविवार

ती गाडीतून उतरली तेव्हा त्याला ती बारीक वाटली, किंवा कोट नवा होता म्हणून असेल. मुलगी म्हणाली, "बाबा, केवढे वाळलात!" आणि बाळाला घेऊन आत पळाली. थंडी होती. मग आतून तिचा आवाज आला, "बाबा, टेबलावर हे तेल कसलं?"

बायको मात्र आत गेलीच नाही. सरळ मागे आली.

यंत्राकडे तिनं बराच वेळ पाहिलं. हात मागे बांधून, शाळेतल्या पाहुण्यांसारखी. मग भिंतीकडे गेली. कुणी सांगितलं नाही, तिनं ठरवलं नाही, पाय गेले. ती तिथे उभी राहिली आणि तिचा उजवा हात खाली आला तो हँडलवर. वाकावं लागलं नाही. शोधावं लागलं नाही.

तिनं हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"एकट्यानं चालतं म्हणालात."

फिटर टाकीचं झाकण घट्ट करू लागला.

"अहो."

"बसवताना तसंच बसलं," तो म्हणाला. "मोजलं नव्हतं. हात गेला तिथे बसलं."

तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं. तो तेवढं बघून धीट झाला, ओंडका उचलायला वळला. अंगणातला सगळ्यात वाकडा. गर्डरवर ठेवून त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. तिनं मान वाकडी करून लाकूड पाहिलं.

"उलटा करा. गाठ वर येऊ दे."

त्यानं उलटा केला. इंजिन लावलं. हात पाचरीपासून लांब, बुंध्याशी. त्या आवाजातही त्याला तिचं हं ऐकू आलं, आणि तिनं हँडल ओढलं.

ओंडका पाचरीवर गेला, कण्हला आणि उकलला. दोन फाका दोन बाजूंना पडल्या. आतलं लाकूड पिवळं, ओलसर. त्यानं दुसरा ठेवला. हं. तिसरा. हं. तिचे गाल लाल झाले होते. केस सुटले होते. त्याला वाटलं, झालं. जमलं. आता ही आत जाईल, तेलाचं टेबल बघून ओरडेल, आणि मग राहील.

चौथ्या ओंडक्याला ती थांबली. हँडल सोडून तिनं मनगट फिरवून पाहिलं. एकदा, दोनदा. मग दुसरं.

"काय गं? दुखलं?"

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही दुखलं."

तिनं स्वतःच इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं.

"हे बनवायला किती दिवस लागले?"

"फार नाही. सामान मिळालं की..."

"नाही, म्हणजे अवघड होतं का? काही नवीन शिकावं लागलं?"

"छे. डेपोत हेच तर करत होतो."

"हेच करत होतात."

"हो."

"म्हणजे तेव्हाही येत होतं."

आता फिटरला कळलं ती कुठे चालली आहे. पण वाट एकच होती आणि तो तिच्यावर उभा होता.

"येत होतं," तो म्हणाला.

"मग?"

त्यानं खरोखर विचार केला. खोटं बोलायचं असतं तर सापडलं असतं काहीतरी, सामान नव्हतं, वेळ नव्हता. पण तिनं साधं विचारलं होतं आणि त्याला साधं उत्तर सापडलं, आणि ते तोंडातून बाहेर पडेपर्यंत कसं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

"तू होतीस ना," तो म्हणाला.

ती रडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं कोटावरची भुकटी झटकली, नीट, दोन्ही बाह्यांवरची.

"इतकी वर्षं मला वाटायचं, याला इलाजच नाही," ती म्हणाली. "पाऊस पडतो तसं. हात दुखायचेच. मी गेले तेव्हा सुचलं तुम्हाला. आणि सुचलं तेव्हाही मला इथे उभी केलीत."

"मला तू यायला हवी होतीस."

"मला माहितीय." आवाज मऊ होता. "तुम्हाला मी हवी असते. फक्त मी कुठे उभी राहायचं, ते आधीच ठरलेलं असतं."

ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. थोड्या वेळानं ती लोकरीच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आली, मागून मुलगी बाळाला घेऊन, एकदा आईकडे एकदा बाबांकडे बघत. स्वयंपाकघराचं टेबल बायकोनं पुसलं होतं. सिलिंडरखालची चादर घडी करून कोपऱ्यात ठेवली होती. तेलाचा डाग निघाला नव्हता.

"दार नीट लावून घ्या, वारा येतो," ती म्हणाली. आणि गाडीत बसली.


व्हॉल्व्ह, तिसऱ्यांदा

भिंतीकडची पट्टी ग्राइंडरनं कापली. उरलेला खुंट घासून सपाट केला. त्यावर रंग मारला.

व्हॉल्व्ह इकडे. उंची आपल्या कोपराची, या वेळी मोजून. खाली दोन पट्ट्या तिरप्या, म्हणजे ओंडका लोळणार नाही. एक हात हँडलवर, दुसरा हँडलशेजारच्या दुसऱ्या मुठीवर. दोन्ही दाबल्याशिवाय दांडा हलायचा नाही, म्हणजे कोणताही हात पाचरीजवळ असूच शकणार नाही. ही युक्ती डेपोतली. चांगली युक्ती आहे. एकट्या माणसासाठीच काढलेली.

यंत्र उत्तम चाललं.

ज्या कामाला अख्खा पानगळीचा मोसम जायचा, ओंडका, सांडशी, घण, मध्ये चहा, तिची कुणाबद्दल तरी कुजबूज, त्याचं हसणं, ऊन शेडवरून सरकणं, पुन्हा ओंडका, ते काम आटोपून गेलं. आठवडासुद्धा लागला नाही. शेड छतापर्यंत भरली. फिटरनं शेवटची फाक रचली, हातमोजे काढले आणि आता काय करायचं ते त्याला कळेना. दुपार अजून अर्धी होती.

मेहुणा आला. यंत्र बघून म्हणाला, "आता कसं, भाऊजी! याला म्हणतात काम." मग म्हणाला, "विकायचं असेल तर सांगा." मग दोघं शेडसमोर उभे राहिले, भरलेल्या लाकडांकडे बघत, जसं कुणी आजाऱ्याला बघायला आल्यावर उभं राहतं.

"ताईला कळवू का, की आता खरंच..."

"नको," फिटर म्हणाला. "ते मी बोलेन."


फोन

शेगडी पेटवली होती. लाकूड अजून ओलं होतं, धुमसत होतं. फिटर टेबलाशी बसला, इतक्या दिवसांनी बसून जेवला होता. मग त्यानं फोन लावला.

"जेवलात?" ती म्हणाली.

"हो. भात, डाळ. अंडं केलं होतं."

"बरं."

"यंत्र केलं मी नीट. आता एकट्यानं चालतं. खरं सांगतोय."

"भाऊ म्हणाला."

"म्हटलंच होतं, वर्तमानपत्र."

ती जराशी हसली. या जागी पूर्वीचा फिटर म्हणाला असता, मग येतेस का. वाक्य तयारही होतं, जिभेवर. ते त्यानं ऐकून पाहिलं, बोलण्याआधी, आणि त्याला त्यात ती भिंत दिसली.

"मी येऊ का तिकडे?" त्यानं विचारलं.

ताटातलं भाताचं एक शीत त्यानं बोटानं टिपलं.

"म्हणजे राहायला नाही. म्हणजे... तू म्हणशील तसं."

"इथे तुमच्यासाठी काम नाहीये काही," ती सावकाश म्हणाली. "मी दिवसभर बाळापाशी असते. संध्याकाळी जरा चालून येते. नुसती. तुम्हाला नुसतं बसावं लागेल."

"बसेन."

"तुम्हाला येत नाही ते."

"येत नाही," त्यानं कबूल केलं.

शेगडीत लाकूड तडकलं.

"या," ती म्हणाली. "हत्यारांची पेटी आणू नका."

"नाही आणत."

"पानासुद्धा नाही. खिशातसुद्धा नाही. मी बघेन."

"बरं."

पलीकडे बाळ रडायला लागलं. "थांबा हं," ती म्हणाली, आणि फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. फिटर थांबला. तिची पावलं लांब गेली. बाळ रडायचं कमी झालं, ती त्याला काहीतरी सांगत होती, शब्द कळत नव्हते. दार लागलं. मग नुसतं ते घर ऐकू येत राहिलं, ज्यात तो कधी दोन दिवसांवर राहिला नव्हता, ज्यात खुर्च्या कुठे आहेत तेही त्याला नीट आठवत नव्हतं. त्यानं फोन कानाशी घट्ट धरला.

कुठेतरी नळ ठिबकत होता. टप्. मध्ये थोडं थांबून, टप्. वायसर गेलाय, पाच मिनिटांचं काम, त्याला इथे बसून कळलं.

ती परत आली. "आहात का?"

"आहे," फिटर म्हणाला, आणि नळाचं काही बोलला नाही.